विश्रांतीने थकणारे यंत्र

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्हां रायपूरकरांना महानदीवरील गंगरेल धरणाचा जलाशय खुणावतो. मुलाबाळांसह मोटारबोटीत बसताना तिच्या जुन्या यंत्राकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. वापराइतकीच दीर्घ विश्रांतीही या यंत्राला बाधते. शिळे पेट्रोल चिकट होऊन कार्बुरेटरची सूक्ष्म छिद्रे बुजवते. यंत्र थंड राखण्यासाठी जलाशयाचे पाणी वर खेचणाऱ्या पंपाच्या रबरी पात्या वाकून ताठरतात. गिअरचे तेल दुधाळ दिसले, तर आत पाणी शिरले असे समजावे. म्हणून हंगामापूर्वी इंधन बदलावे, पात्या व स्पार्क प्लग तपासावेत. यंत्र सुरू होताच बाजूने पाण्याची बारीक धार पडली पाहिजे. धार नसेल, तर यंत्र तापून भर पाण्यात बंद पडेल. बोटीत पाऊल ठेवण्यापूर्वी मी ती धार पाहतो. मुलांनाही पाहावयास लावतो.