नॉरफॉक बेट आणि बोटांनीं मोजलेला सूर्य

पॅसिफिक महासागराच्या नकाशावर नॉरफॉक बेट शोधूं लागल्यास तें शाईच्या ठिपक्याएवढेंच दिसतें. क्षेत्रफळ अवघें 35 चौरस किलोमीटर. ऑस्ट्रेलियाचा किनारा येथून पश्चिमेस सुमारें 1400 किलोमीटर दूर. कॅप्टन कुक यास हें बेट 1774 सालीं आढळलें. 1788 पासून इंग्रजांनीं येथें बंदिवान आणून ठेवले. आणि 1856 सालीं बाउंटी जहाजावरील बंडखोरांचे वंशज पिटकेर्न बेट सोडून येथें वसतीस आले. त्यांची मिश्र बोली अद्यापि येथें ऐकूं येते. किंग्स्टन येथील बंदिशाळेच्या अवशेषांस 2010 सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला.

सिडनीहून विमानानें आम्ही येथें उतरलों, तेव्हां प्रथम नजरेंत भरले ते दीपमाळेसारखे सरळ, उंच पाइन वृक्ष. चोहोंकडे पाणी. एवढेंसें स्थळ वैमानिकास सांपडतें तरी कसें, आणि न सांपडल्यास त्याची गति काय, हा विचार सहजच मनांत येतो. या प्रश्नाचें उत्तर बेटाच्या इतिहासांतच आहे.

डिसेंबर 1978 मध्यें जे प्रॉक्नो नांवाचा अमेरिकन वैमानिक एका इंजिनाचें लहान सेस्ना विमान घेऊन सामोआंतील पागो पागो येथून एकटाच या बेटाकडे येत होता. रेडिओलहरींवरून दिशा दाखविणारें त्याचें यंत्र वाटेंत बिघडलें. ठरलेली वेळ टळून गेली तरी बेट दिसेना. त्याच सुमारास एअर न्यूझीलंडचें डीसी-10 विमान 88 उतारू घेऊन फिजीहून ऑकलंडकडे चाललें होतें. त्याचे कप्तान गॉर्डन व्हेटी यांस साहाय्याची विनंति करण्यांत आली. सुदैवानें मार्गगणना जाणणारे माल्कम फोर्साइथ हे उतारूंतच होते.

हरवलेलें विमान दिसत नव्हतें. ऐकूं येत होता तो केवळ त्याचा आवाज. व्हेटी यांनीं दोन्ही विमानांस दिसणारी एक वस्तु निवडली, ती म्हणजे मावळतीकडे झुकलेला सूर्य. त्यांनीं प्रॉक्नोस हात लांब करून, क्षितिज आणि सूर्य यांमध्यें किती बोटें मावतात, तें पाहावयास सांगितलें. उत्तर आलें, चार. स्वतः मोजलें तों दोनच भरलीं. एक बोट सुमारें 2 अंशांचें. म्हणजे फरक 4 अंश. अंशास 60 सागरी मैल धरल्यास 240 मैल झाले. आणि ज्यास सूर्य अधिक वर दिसतो तो पश्चिमेस असला पाहिजे. पुढें प्रॉक्नोस दिसलेल्या सूर्यास्ताची वेळ नॉरफॉक येथील सूर्यास्ताशीं ताडून पाहिली. उंचीचा फरक जमेस धरून अंतर सुमारें साडेबावीस मिनिटें आलें. पृथ्वी 4 मिनिटांत एक अंश फिरते. यावरून तो बेटाच्या पूर्वेस साडेपांच अंशांहून किंचित् अधिक दूर होता, हें कळलें.

ज्योतिषाच्या अभ्यासकांस हें गणित परकें वाटणार नाहीं. अहोरात्राच्या 60 घटिका, म्हणून एका घटिकेस 6 अंश. चंद्रग्रहण गणितागत वेळेच्या आधीं दिसलें कीं मागाहून, यावरून देशांतर काढण्याची रीत सूर्यसिद्धान्तांत दिली आहे. यावरून विमानविद्या आमच्याच ग्रंथांत होती, असा अर्थ मात्र कोणी काढूं नये. आकाश सर्वांचें एकच आहे, एवढाच त्याचा अर्थ.

अंधार पडल्यावर प्रॉक्नोस समुद्रांतून ओढून नेल्या जाणाऱ्या एका तेलमंचाचे दिवे दिसले. त्याच्या ठिकाणावरून स्वतःचें स्थान निश्चित झालें, आणि सुमारें 23 तासांच्या उड्डाणानंतर तो नॉरफॉक बेटावर सुखरूप उतरला.

या कथेस दुसरी, शोकपूर्ण बाजू आहे. अवघ्या अकरा महिन्यांनीं, 28 नोव्हेंबर 1979 रोजीं, त्याच कंपनीचें एक डीसी-10 विमान दक्षिण ध्रुवप्रदेशांतील एरेबस पर्वतावर आदळून आंतील सर्व 257 माणसें मरण पावलीं. तेथें गणकयंत्र बिघडलें नव्हतें. त्यांत भरलेले मार्गाचे अंक आयत्या वेळीं बदलले गेले, आणि ती गोष्ट वैमानिकांच्या कानीं घातलीच गेली नाहीं. ढग आणि बर्फ यांच्या एकाच शुभ्रतेंत पुढचा पर्वत दिसला नाहीं. हीच दृष्टीची फसगत उलगडून दाखविण्यासाठीं व्हेटी यांनीं पुढें पुष्कळ परिश्रम केले आणि 1983 सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

एकीकडे यंत्र गेलें, पण माणसें परस्परांस जें दिसलें तें सांगत राहिलीं, प्राण वांचला. दुसरीकडे यंत्र चोख होतें, पण सांगावयाचें तेंच राहून गेलें. आज कृत्रिम उपग्रहांमुळें विमानाचें स्थान क्षणोक्षणीं कळतें, ही मोठीच सोय होय. तथापि यंत्रांत भरलेला अंक कोणाचा, आणि तो कधीं बदलला, हें विचारण्याचें काम अद्यापि माणसाकडेच आहे. घरांतील मुलांस यंत्रें अवश्य हाताळूं द्यावीं. पण सूर्य कोठें मावळतो, हेंही त्यांस एकदां अंगणांत उभें करून दाखवावें.