हलतें चित्र आणि निश्चल भय

भीति विकत घेणारा प्राणी सृष्टींत मनुष्याखेरीज दुसरा आढळणार नाहीं. हरिणाला वाघाची भीति फुकट मिळते, तरी ती त्याला नकोशीच वाटते. आम्ही मात्र दिवसभराचीं कामें आटोपून, दारें लावून, दिवे मालवून मुद्दाम भिण्यासाठीं पडद्यासमोर बसतों. या व्यवहारांत आमची एकच अपेक्षा असते, कीं पदरीं पडणारी भीति अस्सल असावी. आषाढांतल्या एका रात्रीं उमरग्यास आमच्या घरीं ती खोटी निघाली, त्याची ही तक्रार आहे.

सुट्टींत आलेल्या आमच्या भाच्यानें ‘ब्लेअर विच प्रोजेक्ट’ हा १९९९ सालचा इंग्रजी चित्रपट लाविला. तीन तरुण चेटकिणीच्या शोधार्थ अरण्यांत जातात, नाहींसे होतात, आणि त्यांनीं टिपलेलीं दृश्यें तेवढीं मागें उरतात, अशी त्याची कल्पना. चित्रण खरोखरच नटांच्या हातून करविलेलें असल्यामुळें कॅमेरा चालतो, धावतो, अडखळतो व पडतोही. अर्ध्या तासानें आम्हांला भय वाटण्याऐवजीं मळमळूं लागलें. शेजारीं ऐंशीच्या घरांतल्या आमच्या आत्याबाई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “आरं, त्या पोराला म्हणावं, आधी एका जाग्यावर हुबा ऱ्हा. भूत आलं तरी दिसंल कसं?”

मळमळीचें कारण गूढ नाहीं. डोळे सांगतात कीं आपण धावत आहों; कानाच्या आंत तोल सांभाळणारें जें इंद्रिय आहे तें सांगतें कीं आपण सतरंजीवर स्वस्थ बसलों आहों. या दोन साक्षींचा मेळ बसला नाहीं म्हणजे पोटांत ढवळतें. ‘क्लोव्हरफील्ड’ हा याच धाटणीचा चित्रपट २००८ मध्यें आला, तेव्हां अमेरिकेंतील कांहीं चित्रपटगृहांनीं मळमळ होण्याचा संभव आहे अशी सूचना दाराशीं लाविली होती. भिण्यासाठीं आलेल्या माणसाला ओकारीपासून सावध करावें लागावें, याहून भयकथेची अधिक फजिती कोणती?

या पद्धतीला तिच्या जन्मकाळीं सबळ कारण होतें हें आम्ही नाकारीत नाहीं. थोड्या पैशांत, ओळखीच्या चेहऱ्यांवांचून, घडलेलें तेंच दिसत आहे असा भास तिनें उत्पन्न केला. परंतु एका कथेची जी गरज होती, ती पुढें अनेकांची लकब झाली. जें दाखवितां येत नाहीं तें झांकावयाचें, आणि चित्र हलविलें कीं प्रेक्षकाचें मनही हललें असें समजावयाचें, एवढाच तिचा अर्थ उरला. वस्तुतः भय शोधणाऱ्या डोळ्यांतून जन्मतें. अंधारा कोपरा पुरेसा वेळ समोर असेल, तरच त्यांत कोणी आहे काय, हें आपण पाहूं लागतों. कॅमेराच सैरावैरा धावूं लागला, तर भ्यालेला तो. आम्ही केवळ त्याची तारांबळ पाहणारे.

‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ हा २००७ सालचा चित्रपट याच कुळांतला; परंतु त्यांतील लक्षांत राहतात तीं रात्रींचीं दृश्यें. कॅमेरा तिकाटण्यावर ठेविलेला, दोन माणसें निजलेलीं, दार उघडें. कांहींच घडत नाहीं, आणि मग तें दार किंचित् हलतें. आमच्याकडील शेतकऱ्याला हें शिकवावयास नको. वाऱ्यानें सारें रान डोलत असतां तो निर्धास्त असतो; वारा पडलेला असतां ज्वारीचें एकच ताट हललें, कीं तो जागच्या जागीं उभा राहतो.

यावर कोणी म्हणेल, कीं ज्यांनीं धरणी हलतांना अनुभविली त्यांना तरी हलत्या चित्राचें भय वाटावयास हवें होतें. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, अनंतचतुर्दशीचें विसर्जन करून लोक निजले असतां, पहांटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. औसा व उमरगा तालुक्यांतील गांवेंच्या गांवें दगडमातीच्या जाड भिंतींखालीं गाडलीं गेलीं आणि हजारों माणसें निजल्या जागीं दगावलीं. आत्याबाईंचें सासर याच तालुक्यांतलें. त्या घरांतून बाहेर आल्या. त्यांचे धाकटे दीर आले नाहींत.

चित्रपट बंद केल्यावर आम्हीं त्यांना त्या रात्रीविषयीं विचारलें. त्या म्हणाल्या, “आधी उतरंड वाजली. मला वाटलं, मांजर हाय. मग भिंत हालली. भिंत कधी हालत न्हाई, म्हणून तर जीव गेला माझा.” पुढें कित्येक महिने त्या अंगणांत निजत. मध्यरात्रीं जाग आली, कीं उशाजवळच्या तांब्यांतलें पाणी दिव्याच्या उजेडांत निरखीत. पाणी स्थिर असे. तरी त्या त्याच्यावरून डोळा काढीत नसत. कारण आतां तें केव्हां हलेल याचा भरंवसा राहिला नव्हता.

हलत्या कॅमेऱ्यानें जें गमावलें तें हें तांब्यांतलें पाणी. भिंत स्थिर आहे या विश्वासावर मनुष्य निजतो. तो विश्वास आधीं बसूं द्यावा लागतो, तेव्हां कोठें तो मोडतां येतो. पहिल्या क्षणापासून भिंती, झाडें, माणसें सारींच डळमळत असतील, तर मोडावयास शिल्लक काय राहिलें?

भाच्यानें दुसरा चित्रपट लावूं काय म्हणून विचारलें. आम्हीं म्हटलें, “लाव, पण ज्यांत कोणीतरी कॅमेरा खालीं ठेविला असेल, असा लाव.”