जुनापाणीचे खळगे

चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगर वीजकेंद्राच्या चिमण्या मागे टाकून नागपूरचा रस्ता धरला की आधी भद्रावती लागते. तिथल्या विजासन लेण्यांत बुद्धमूर्ती आहेत, त्यामुळे त्यांना वारसा म्हणायला कुणी कां-कूं करत नाही. बुटीबोरीजवळच्या टाकळघाटला मात्र दिसतात ती दगडांची वर्तुळं. तीच पाहून परतताना १८६३मध्ये मिशनरी स्टीफन हिस्लॉप ओढ्यात बुडाले. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. पुढे काटोल रस्त्याला जुनापाणी येतं. इथे अशी सुमारे ३०० वर्तुळं आहेत, आणि त्यांतल्या काही काळ्या धोंड्यांवर उथळ, वाटीसारखे खळगे ओळीनं कोरलेले आहेत. इंग्रज अधिकारी रिव्हेट-कार्नॅकनं १८६७मध्ये इथे खोदलं आणि खळग्यांचं साम्य थेट ब्रिटनमधल्या शिळांशी जोडलं. १९६१च्या सुमारास बी. के. थापर यांच्या उत्खननात लोखंडी वस्तू आणि घोड्याची हाडं निघाली. म्हणजे ही वर्तुळं लोहयुगातली दफनं.

धान्य कांडायचे खळगे असतील, ही शंका रास्त आहे. पण कांडायला खोल उखळ लागतं. एकाच धोंड्यावर समांतर ओळींत उथळ खळग्यांची रांग कशाला कोरायची? 'अर्थच कळत नाही तर जपायचं काय?' हा आक्षेप जास्त अवघड. माझ्या मते अर्थ कळत नाही म्हणूनच जागा जपायची. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या मयंक वाहियांनी या खुणांचा दिशांशी, आकाशाशी संबंध लावून पाहिला. तो निष्कर्ष उद्या चुकीचा ठरेलही, पण तसं ठरवायला दगड होता तिथेच हवा. संग्रहालयात नेलेल्या धोंड्याला पूर्व-पश्चिम नसते. रिव्हेट-कार्नॅकनं काढलेल्या वस्तू ब्रिटिश म्युझियममध्ये शाबूत आहेत, पण त्यांतून दिशांची मोजणी होणार नाही.

दगड जागेवर राहायचे तर अडचण खाणींची आहे. वीज हवी, कोळसाही हवा. ऊर्जानगरच्या वाटेनं येणाऱ्यानं हे नाकारू नये. पण खुली खाण जमीनच उलथते. १९५८चा कायदा घोषित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामबंदी आणि पुढे २०० मीटर नियंत्रण देतो. घोषित नसलेल्या धोंड्याला काहीच मिळत नाही. कोकणातली कातळशिल्पं २०२२मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, कारण स्थानिकांनी आधी सडे, म्हणजे कातळाची पठारं, पालथे घालून नोंदी केल्या होत्या. चंद्रपूर-गडचिरोलीतही खाणीचा नकाशा पक्का होण्याआधी अशा धोंड्यांची जागेवर नोंद झाली पाहिजे. आणि जुनापाणीला जाल तर उन्हं तिरपी असताना जा. खळगे आपोआप उठून दिसतात. फोटोसाठी त्यांत खडू भरू नका.