पाण्याचे गाव, भाताची कढई

वालेन्सियात नवखा पाहुणा पहिली चूक करतो ती रात्री. स्पेनला आलो, आता पाएया खायचा, म्हणून तो आठ वाजताच समुद्रकाठच्या एखाद्या हॉटेलात जाऊन बसतो. पुढ्यात येतो तो पिवळाधमक भात, वर चार कोळंब्या मांडलेला. आजूबाजूला पाहावे तर सगळे पाहुणेच! गावकरी पाएया खातात तो दुपारी, दोन-अडीचला, आणि शक्यतो रविवारी, घरच्या माणसांत. रात्री भात पोटाला जड, हे मत केवळ आपल्याच आज्यांचे नाही.

म्हणून शहाण्याने सकाळीच मोठी मंडई गाठावी. १९२८ साली सुरू झालेली ही मंडई लोखंड, काच आणि रंगीत फरश्यांची आहे, शिखरावर वारा दाखवणारा पोपट आहे. आत केशर, सुक्या मिरच्या, ऑलिव्ह, बर्फावरची मासळी. तिथून बाहेर पडून ओरचाता प्यावा. दिसतो दुधासारखा, पण त्यात दूध नसते. चुफा नावाच्या लहानशा कंदांचा तो गार, गोड रस. आपल्या शेतकऱ्याला सतावणाऱ्या लव्हाळ्याची ही चुफा चुलत बहीण, पण तिथे तिची मुद्दाम लागवड होते. सोबत लांबट, साखर लावलेला पाव असतो. तो बुडवूनच खायचा, संकोच करायचा नाही.

गुरुवार असेल तर बारा वाजता कॅथेड्रलच्या दारी थांबावे. काळे डगले घातलेले शेतकरी तिथे गोलाकार बसतात. हे पाण्याचे न्यायालय! आठ कालव्यांच्या शेतकऱ्यांनी निवडलेले हे न्यायाधीश पाण्याची भांडणे तोंडी ऐकतात आणि तिथल्या तिथे निकाल देतात. वकील नाही, कागदी तक्रार नाही. शतकानुशतके चाललेल्या या प्रथेला २००९ मध्ये युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात स्थान दिले. बऱ्याचदा तक्रारच नसते आणि सभा काही मिनिटांत उठते. कॅमेरे घेऊन आलेल्यांचा हिरमोड होतो. शेतकऱ्यांचा होत नसावा.

पाण्याचा एवढा मान राखणाऱ्या या गावाला पाण्याने रडवलेही आहे. १९५७ च्या महापुरानंतर तुरिया नदीच शहराबाहेर दक्षिणेकडे वळवली गेली. जुन्या पात्रात आज बाग आहे, मुले सायकली चालवतात. त्यामुळे २९ ऑक्टोबर २०२४ च्या पुरात जुने शहर वाचले. दक्षिणेची पायपोर्ता, कातारोखा ही गावे मात्र चिखलात बुडाली. त्या आपत्तीत दोनशेहून अधिक माणसे गेली. नंतर शहरातली हजारो माणसे खराटे, फावडी, बादल्या घेऊन पुलावरून पायी तिकडे निघाली. तिकडे गेलेला एक मोठा ओढा ज्या अल्बुफेरा सरोवराला मिळतो, त्याच्याच काठच्या खाचरांत पाएयाचा तांदूळ पिकतो.

पाएया हे नाव मुळात भांड्याचे, आपल्या हंडीसारखे. दोन कानांची, रुंद, उथळ कढई. अस्सल वालेन्सियन प्रकारात कोंबडी, ससा, हिरव्या शेंगा, मोठे पांढरे पावटे, टोमॅटो आणि केशर. कोळंबी नाही, कांदाही नाही! शाकाहारी मंडळींना भाज्यांचा पाएया मिळतो. पण रस्सा कोंबडीच्या पाण्याचा नाही ना, हे आधी विचारून घ्यावे. एकदा तांदूळ पसरला की ढवळायचे नाही. नारिंगाच्या लाकडांचा जाळ मिळाला तर उत्तमच.

मग कढई तशीच टेबलाच्या मध्यावर येते. ज्याने त्याने लाकडी चमच्याने आपल्यापुढचा त्रिकोण खायचा, शेजाऱ्याच्या हद्दीत शिरायचे नाही. हद्दी मोडतात त्या शेवटी, तळाशी धरलेल्या खमंग खरवडीसाठी. तिला सोकारात म्हणतात. इथवर आलेला मराठी पाहुणा आपोआप पुढे सरकतो, आणि बहुधा घरातली आजी त्याच्यासाठी कढईचा एक कोपरा खरवडून देते.