ट्यूबपलीकडचा पाहुणा
एकॉर्न कंपनीच्या १९८१च्या बीबीसी मायक्रो संगणकाची खरी दूरदृष्टी मला त्याच्या तळाशी असलेल्या ‘ट्यूब’ जोडणीत दिसते. तिथे दुसरा प्रोसेसर लावला की मूळचा २ मेगाहर्ट्‌झचा ६५०२ कीबोर्ड, पडदा आणि डिस्क सांभाळतो. मुख्य प्रोग्रॅम पाहुणा चालवतो. दोघांची मेमरी स्वतंत्र, देवाणघेवाण मोजक्या रजिस्टरांतून. म्हणून पाहुणा कोणत्या घराण्यातला, याने यजमानाचे काही अडत नाही: सीपी/एमसाठी झेड८० असो वा ३२ बिटांचा ३२०१६. पुढच्या मास्टर १२८वर तर आतला की बाहेरचा प्रोसेसर, हे एका आज्ञेने ठरवायचे आणि कंट्रोल-ब्रेक दाबायचे.

यावर आक्षेप असा, की पडद्याच्या मेमरीत थेट लिहिणारे खेळ ट्यूबपलीकडे चालतच नसत. खरे आहे, आणि तुटपुंज्या वेगात खेळ रंगवणाऱ्यांची ती आडवाट मला समजते. पण तो दोष जोडणीचा नव्हे. ऑपरेटिंग सिस्टिमच्या अधिकृत मार्गाने जाणारे बेसिक प्रोग्रॅम ३ मेगाहर्ट्‌झच्या पाहुण्या ६५०२वर तसेच, आणि अधिक वेगाने चालत. शिवाय सर्वांत भक्कम पुरावा एकॉर्ननेच दिला: एप्रिल १९८५मध्ये हाती आलेली पहिली आर्म चिप याच बीबीसी मायक्रोला दुसरा प्रोसेसर म्हणून जोडून चालवली गेली.