वजनकाट्यावरून जव्हारला

निघालो होतो जव्हारला, पण या प्रवासातलं सांगण्याजोगं निम्मं घरातून बाहेर पडल्यावर पहिल्या तासातच, बोईसरच्या एका वजनकाट्यावर घडलं.

आमची सरावली बोईसरला अगदी खेटून आहे. तारापूरचं अणुवीज केंद्र 1969 साली सुरू झालं, शेजारची औद्योगिक वसाहत वाढत गेली आणि आता इथल्या रस्त्यांवर रसायनांचे टँकर आणि पोलादाच्या कॉइल वाहणारे लांबलचक ट्रेलर दिवसरात्र धावत असतात. माझा मावसभाऊ, म्हणजे दादा, याच वसाहतीतल्या एका कारखान्यातून निवृत्त झाला. त्याने आणि वहिनींनी हौसेने एक वापरलेला कॅम्पर ट्रेलर घेतला. आत दोन माणसांची झोपायची सोय, शेगडी, बेसिन, पाण्याची टाकी. आता तो ओढायला भक्कम, सगळ्या कुटुंबाला पुरेल अशी एसयूव्ही घ्यायची होती.

दोघांनी शोरूम पालथी घातली. सगळीकडे सनरूफ, मोठा स्क्रीन, थंड हवेच्या सीटा. ‘मागे किती किलो ओढेल?’ या प्रश्नाला मात्र धड उत्तर कुणी दिलं नाही. मला या प्रकाराचा मनापासून राग येतो. वीस-पंचवीस लाख मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला दिव्यांचे रंग सांगायचे आणि गाडीची ताकद सांगायची नाही, ही कसली विक्री?

शेवटी ठरलं की ट्रेलर जोडून जव्हारच्या घाटात खरीखुरी चाचणी घ्यायची. वहिनींचा भाऊ चिंचणीला असतो. त्याच्याकडे डिझेल स्कॉर्पिओ-एन आहे आणि लहान होडी ओढण्यासाठी त्याने तिला मागे हूक बसवून घेतला आहे. ती गाडी दोन दिवसांसाठी मागून आणली.

औद्योगिक वसाहतीत नोकरी केलेला माणूस वजन तोंडी मानत नाही. दादाने ट्रेलर जोडून गाडी सरळ काट्यावर घेतली. पुढे एक कॉइलवाला ट्रेलर उभा होता. त्याचे चालक बीडकडचे, पन्नाशीचे. आमचा पांढरा डबा पाहून ते पावती हातात घेऊनच जवळ आले, खाली बसले, चाकं आणि हूक न्याहाळला आणि म्हणाले, “साहेब, ह्याचं सगळं ओझं मागं गेलंय. पुढं काहीच न्हाई. हायवेला लागलं की शेपूट हलवणार हे.”

“भाऊ, साडेनऊशे किलोचा तर आहे,” दादा म्हणाला.

“काट्याला विचारा की.”

आधी ट्रेलर सोडून एकटा काट्यावर ढकलला. आकडा आला 1,480. विकणाऱ्याने सांगितलेले 950 किलो हे मोकळ्या सांगाड्याचं वजन होतं. त्यावर कपाटं, गाद्या, एसी, बाहेरचं छत बसलं. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. दोन मोठ्या बॅटऱ्या शंभराच्या पुढे. घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्ये गॅस 14.2 किलो असतो, पण टाकीसकट एकेक तिसाच्या घरात जातो, आणि आमच्याकडे दोन होते. वहिनींचा लोखंडी तवा आणि खलबत्ता तर वेगळाच.

मग चालकभाऊंनी आम्हाला जे करायला लावलं ते मी कुठल्याही माहितीपत्रकात वाचलेलं नाही. नुसती गाडी, आम्ही तिघं आत बसून, काट्यावर घेतली: 2,320. मग ट्रेलर जोडला आणि गाडीच काट्यावर राहील, ट्रेलरची चाकं बाहेर जमिनीवर राहतील अशी उभी केली: 2,380. फरक 60 किलो. म्हणजे ट्रेलर हुकावर जेवढा दाबतो ते वजन, एकूण वजनाच्या जेमतेम चार टक्के. हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास असावं असा साधारण नेम आहे. कमी पडलं की वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो, आणि शेजारून टँकर गेला की त्याच्या हवेच्या झोताने ते झुलणं वाढतं. फार झालं तर गाडीचा मागचा भाग बसतो, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकेनासं होतं.

तिथेच, धुळीत, आम्ही सामान उपसलं. बॅटऱ्या मागच्या कप्प्यातून पुढच्या कप्प्यात आणल्या. पाण्याची टाकी चाकांच्या मागे होती, ती काट्याशेजारच्या झाडांना रिकामी केली. पाणी जव्हारला मिळतंच. पुन्हा मोजलं: ट्रेलर 1,380, हुकावर 140. जवळजवळ दहा टक्के. काट्यावरच्या मुलाने प्रत्येक वेळी पावती फाडली आणि रांगेत उभ्या चालकांपैकी एकानेही हॉर्न वाजवला नाही. ओझं नीट लावणाऱ्या माणसाला या रस्त्यांवर मान आहे, हे तेव्हा जाणवलं.

चिल्हार फाट्याला महामार्ग लागला तेव्हा ऐंशीच्या वर जायचं नाही असं ठरलंच होतं. टँकर बाजूने गेले, ट्रेलर जागचा हलला नाही. मनोर, विक्रमगड आणि मग घाट. चढावर या गाडीचा गुण कळला. अश्वशक्तीचे आकडे जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापतात, पण ओढायला लागतो तो कमी फेऱ्यांवरचा टॉर्क. ऑटोमॅटिक डिझेलमध्ये तो 400 न्यूटन-मीटर आहे आणि वळणावर थांबून पुन्हा उचलताना इंजिन कुठेही रडलं नाही. उतरताना दादाने गिअर हाताने खाली ठेवला. ट्रेलरला स्वतःचा ब्रेक आहे: गाडी मंदावली की ट्रेलर हुकावर रेटतो आणि त्या रेट्यानेच त्याचे ब्रेक लागतात. ऑस्ट्रेलियात 750 किलोच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत. घाट उतरल्यावर ते का, हे वेगळं सांगावं लागत नाही.

जव्हारचा मुक्काम थंड हवेत, नाचणीची भाकरी खात, सुखात गेला. शिरपामाळावर मात्र मी बराच रेंगाळलो. 1664 मध्ये सुरतेच्या मोहिमेवर जाताना शिवाजी महाराज इथे थांबले होते. या डोंगरांतून चपळाईने जाणाऱ्या त्या फौजेने सोबत काय घेतलं असेल आणि काय मागे ठेवलं असेल, हा विचार तिथे उभं राहिल्यावर पिच्छा सोडत नाही.

परतताना निवड जवळजवळ झालीच होती. मोनोकॉक, म्हणजे वेगळी फ्रेम नसलेल्या, बांधणीच्या सात आसनी गाड्या बसायला जास्त आरामदायी, हे मी मान्य करतो. पण दीड टन वर्षानुवर्षं ओढायचा तर हूक लॅडर फ्रेमला बोल्ट केलेला बरा. लॅडर फ्रेमच्या गाड्यांत फॉर्च्युनरचं 2.8 लिटर डिझेल स्कॉर्पिओ-एनपेक्षा ताकदीने वरचढ आहे. ऑस्ट्रेलियात तिला ब्रेकच्या ट्रेलरसाठी 3,100 किलोंची मान्यता आहे, तर स्कॉर्पिओला 2,500 ची. हे आकडे तिथल्या गाड्यांचे, इथे जसेच्या तसे धरू नयेत. अमेरिकेतल्या सबर्बनसारख्या गाड्या योग्य जोडणी घेतल्यावर साडेतीन टनांहून जास्त ओढतात, पण बोईसरच्या गल्लीत त्या वळायच्या नाहीत. दादाच्या 1,380 किलोंना फॉर्च्युनरचा जवळपास दुप्पट खर्च पटण्याजोगा नव्हता. त्याने स्कॉर्पिओ-एन डिझेल, ऑटोमॅटिक, फोर बाय फोर नोंदवली. फोर बाय फोर चिंचणीच्या वाळूसाठी आणि पावसाळ्यातल्या ओल्या गवतासाठी.

महाराष्ट्राच्या 2021 च्या कॅरॅव्हॅन पर्यटन धोरणात कॅम्पर ट्रेलरचाही समावेश आहे, तेव्हा असे डबे आता रस्त्यावर वाढतील. तुम्हीही घेणार असाल तर ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी आहे का ते पाहा, विमा कंपनीला हुकाबद्दल आधी लेखी विचारा, आणि गाडी पाहायला जाण्यापूर्वी भरलेला ट्रेलर जवळच्या काट्यावर न्या. ती पावती खिशात घालूनच शोरूमची पायरी चढा.