पावसात बंद पडणारी पिकअप

मृग लागला की माझ्या गॅरेजात एक तक्रार हमखास येते : ‘मिस्त्री, उन्हात मस्त पळते, पावसात बंद पडते.’ पाठोपाठ खर्चाची यादी. फिल्टर बदलला, बॅटरी बदलली, पंपही उतरवून झाला. रत्नागिरीत बंदराच्या अंगाला काम असल्यामुळे माझ्याकडे मासळी आणि आंबा वाहणाऱ्या जुन्या पिकअप जास्त. बॉनेट उघडण्याआधी मी ड्रायव्हरला एवढंच विचारतो, बंद कशी पडली? खटकन, की आचके देत?

निम्मं निदान या उत्तरात असतं. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही; दाबून तापलेल्या हवेतच डिझेल पेटतं. जुन्या, यांत्रिक पंपाचं इंजिन एकदा सुरू झालं की त्याला चालण्यापुरती वीज जवळजवळ लागतच नाही. अपवाद पंपावरच्या सोलेनॉइडचा. बऱ्याच गाड्यांत त्याला करंट मिळत असेल तोवरच डिझेल पुढे जातं. तेव्हा चावी फिरवल्यासारखी गाडी खटकन बंद पडली, तर आधी ती वायर धरायची.

आचके देत, ओढ कमी होत बंद पडली तर इंधन किंवा हवा बघायची. टाकीच्या झाकणाचं रबर कडक झालं की पावसाचं पाणी आत झिरपतं. डिझेलपेक्षा जड असल्यानं ते तळाला बसतं. फिल्टरखालचा नळ सोडून थोडं डिझेल काचेच्या बरणीत घ्या आणि थांबा. पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसतो. काळा धूर येत असेल तर एअर फिल्टर काढा. भिजलेल्या कागदातून इंजिनाला पुरेसा श्वास मिळत नाही.

जुन्या पेट्रोल गाडीचं दुखणं निराळं. तिथे कॉइल 12 व्होल्टचे हजारो व्होल्ट करते, आणि एवढ्या दाबाच्या विजेला दमट, मळकट पृष्ठभाग म्हणजे पळवाटच. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून आतून बघा. पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर कॅपला तडा गेला आहे किंवा तिथून करंट पळतो आहे. पुसून भागत नाही, कॅप बदलावी लागते. खात्री करायची तर अंधार पडल्यावर इंजिन चालू ठेवून बाटलीनं पाण्याचा बारीक फवारा मारा. आधी कॉइल, मग प्लगच्या वायरी, मग कॅप. जिथून करंट गळतो तिथे निळसर ठिणग्या दिसतात. हात मात्र लांब ठेवा.

मासळीच्या गाडीत आणखी एक शत्रू असतो. हौद्यातून गळणारं खारट बर्फाचं पाणी. अशाच एका डिझेल पिकअपमध्ये बॅटरीवर साडेबारा व्होल्ट होते आणि सोलेनॉइडवर जेमतेम नऊ. वायरीचा माग काढला तर मध्येच कुणीतरी दोन टोकं पिळून टेप गुंडाळलेली. टेप कोरडी दिसत होती, पण सोडली तर आत हिरवी भुकटी आणि चारदोन तारा शाबूत. उन्हात तेवढ्या तारांवर काम भागत होतं. ओल लागली की करंट आणखी पडायचा आणि इंजिन गप्प व्हायचं. तेवढा तुकडा कापला, नवी वायर झाळली, वर स्लीव्ह चढवली आणि जोड पाणी उडणार नाही असा वर बांधला. पंपाला हातही लावला नाही.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. साचलेल्या पाण्यातून जाताना गाडी बंद पडली, तर सेल्फ मारू नका, धक्का मारून गिअरमध्येही टाकू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दबत नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो आणि शंभर रुपयांच्या कामाचं इंजिनकाम होतं.

बाकी वेळी पार्ट घ्यायला धावण्यापूर्वी तीन गोष्टी लिहून ठेवा : गाडी नुसत्या पावसात बंद पडली की डबक्यातून गेल्यावर, खटकन की आचके देत, आणि पुन्हा सुरू व्हायला किती वेळ लागला. तो कागद मिस्त्रीच्या हातात द्या. ज्याला तो वाचावासा वाटत नाही, त्याच्याकडे गाडी सोडू नका.